गुरुदास नंगलचा वेढा, १७१५ : बंदासिंग बहादूरची शेवटची गढी का पडली

७ डिसेंबर १७१५ रोजी पंजाबातल्या गुरुदास नंगल गावची गढी मोगलांच्या ताब्यात आली. आत सापडलेल्या मालाची मोजदाद झाली आणि दरबारी इतिहासकार कामवरखानाने ती नोंदवून ठेवली. तलवारी १,०००, ढाली २७८, धनुष्ये आणि भाते १७३, तोड्याच्या बंदुका १८०, कट्यारी ११४, लांब सुरे २१७. रोकड म्हणाल तर २३ मोहोरा, सहाशेहून थोडे अधिक रुपये आणि किरकोळ सोन्याचे दागिने. या यादीत तोफ नाही.

एवढ्या सामानावर बंदासिंग बहादूर आणि त्याच्या शिखांनी लाहोर सुभ्याची सगळी फौज आणि दिल्लीहून आलेली कुमक एप्रिलपासून आठ महिने अडवून धरली. त्यांच्या धैर्याविषयी भरपूर लिहिले गेले आहे आणि ते सगळे योग्यच आहे. पण लढाईचा अभ्यास करायचा तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हाच सेनानी पाच वर्षांपूर्वी शिवालिकच्या पायथ्याच्या लोहगडावर खुद्द बादशहाच्या वेढ्यातून एका रात्रीत निसटला होता. १७१३ मध्ये सढौरा आणि लोहगड पुन्हा वेढले गेले, तेव्हाही शीख बाहेर पडले. मग १७१५ मध्ये बाहेर पडता का आले नाही? आमच्या मते उत्तर गढीच्या जागेत, आतल्या शिध्यात आणि समोरच्या सुभेदाराने आधीच्या दोन अनुभवांतून जे शिकून घेतले त्यात आहे.

तारखांविषयी आधीच सांगतो. त्या काळच्या इंग्रजी तारखा जुन्या पंचांगाप्रमाणे आहेत. नव्या पंचांगात त्या दहा-अकरा दिवस पुढे जातात, म्हणून वेगवेगळ्या पुस्तकांत एकाच घटनेच्या दोन तारखा दिसतात. इथे जुन्याच दिल्या आहेत.

नांदेड ते सरहिंद

या प्रकरणाची सुरुवात महाराष्ट्रात आहे. १७०८ मध्ये बहादूरशाह आपला भाऊ कामबक्ष याच्यावर चालून दक्षिणेत उतरला. गुरू गोविंदसिंग त्या वेळी बादशाही छावणीबरोबर होते. गोदावरीकाठी नांदेडला त्यांची माधोदास बैराग्याशी गाठ पडली. जम्मूकडच्या राजौरीचा हा माणूस बैरागी होऊन तिथे मठ करून राहिला होता. हाच पुढचा बंदासिंग बहादूर. गुरूंनी त्याला खालसा पंथात घेतले, पाच बाण, निशाण आणि नगारा दिला, बिनोदसिंग, बाजसिंग यांच्यासह पाच शीख सोबत दिले आणि पंजाबातल्या शिखांच्या नावे हुकूमनामे लिहून दिले. ७ ऑक्टोबर १७०८ रोजी नांदेडलाच गुरूंचे देहावसान झाले. नांदेडच्या बंदाघाट गुरुद्वाऱ्यात आज जाणाऱ्याला माधोदासाच्या मठाची जागा पाहता येते.

हुकूमनामा ही या मोहिमेतली सर्वात मोलाची वस्तू होती. बंदासिंगाकडे पैसा नव्हता, जहागीर नव्हती, पंजाबात नातेगोते नव्हते. गुरूंच्या पत्रावर गावोगावचे शीख जमले. त्यांत जाट शेतकरी होते, तसेच सुतार, चांभार, भंगी आणि गाडीवान लभाणेही होते. सोनीपत आणि कैथलकडे सरकारी खजिने लुटून सैनिकांच्या पोटाची सोय झाली. २६ नोव्हेंबर १७०९ रोजी समाना पडले. नंतर कपुरी आणि सढौरा. १२ मे १७१० रोजी छप्पर चिडीच्या मैदानात सरहिंदचा फौजदार वजीरखान मारला गेला आणि दोन दिवसांनी सरहिंद हाती आले. गुरूंच्या दोन धाकट्या मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, याच वजीरखानाने याच शहरात ठार मारवले होते.

सरहिंदची सुभेदारी बाजसिंगाकडे गेली. जमिनी मोठ्या जमीनदारांकडून काढून कसणाऱ्यांच्या नावे झाल्या. गुरूंच्या नावाने नाणी पाडली गेली आणि 'देग तेग फतेह'ची मोहोर कागदांवर उमटू लागली. हे सारे काही महिन्यांचेच होते. पण त्यातून बादशहाला कळून चुकले की ही लूटमार नव्हे, इथे दुसरे राज्य उभे राहते आहे. राजपुतांशी घाईने समेट करून बहादूरशाह अजमेरहून थेट पंजाबच्या वाटेला लागला. वाटेत तो दिल्लीतही थांबला नाही.

लोहगड, १७१० : निसटणे कसे साधले

लोहगड म्हणजे मुखलिसपूरचा जुना किल्ला. सढौऱ्याजवळ, शिवालिकच्या पायथ्याच्या डोंगरात. बंदासिंगाने तो डागडुजी करून राजधानी म्हणून वापरला. नोव्हेंबर १७१०च्या अखेरीस बादशाही फौज तिथे पोचली. प्रत्यक्ष हल्ल्याची सूत्रे वजीर मुनीमखानाकडे होती. ३० नोव्हेंबरला दिवसभर झुंज झाली, शिखांचे बाहेरचे मोर्चे एकामागून एक पडले. अंधार पडू लागला तसा मुनीमखानाने हल्ला थांबवला. शत्रू आत कोंडला आहे, उरलेले काम सकाळी करू, असा त्याचा हिशेब होता.

त्या रात्री बंदासिंग नाहनच्या डोंगराकडे निघून गेला. मागे गुलाबसिंग नावाचा शीख त्याचा पोशाख चढवून त्याच्या जागी बसला. सकाळी मोगलांनी त्यालाच बंदासिंग समजून धरले. मराठी वाचकाला इथे पन्हाळ्याचा शिवा काशीद आठवल्याशिवाय राहणार नाही. युक्ती तीच, तिचा उद्देशही तोच : पाठलाग सुरू व्हायला उशीर व्हावा. बाज उडाला आणि जाळ्यात घुबड सापडले, असे एका फारसी इतिहासकाराने लिहून ठेवले आहे. बंदासिंगासाठी लोखंडी पिंजरा तयार करवला होता. त्याला जाऊ दिल्याबद्दल त्या पिंजऱ्यात नाहनचा राजा भूपप्रकाश याला घातले गेले. मुनीमखानावर बादशहाची इतराजी झाली आणि काही महिन्यांतच तो वारला.

ही सुटका दैवयोगाने झाली असे समजणे चूक ठरेल. किल्ल्याची एक बाजू जंगल आणि डोंगराला लागून होती, म्हणजे तिथे पहाऱ्याची अखंड साखळी लावणे मोठ्या फौजेलाही जमणारे नव्हते. हिवाळ्याची लांब रात्र होती. वेढा नुकताच पडला असल्याने आतल्या माणसांच्या अंगात आणि घोड्यांत चालण्याचे बळ होते. आणि मागे थांबून मरायला तयार असलेला माणूस होता. वेढ्यातून बाहेर पडायला या चारही गोष्टी एकाच रात्री जवळ असाव्या लागतात. यातली तिसरी गोष्ट बहुधा विसरली जाते. बाहेर पडण्याचा निर्णय पहिल्या आठवड्यात सोपा असतो. चौथ्या महिन्यात रस्ता मोकळा मिळाला तरी चालवत नाही.

१० डिसेंबर १७१० रोजी फर्मान निघाले, की नानकपंथी जिथे सापडतील तिथे त्यांची कत्तल करावी. त्यामुळे शिखाला साध्या गावात लपून राहणेही कठीण झाले. याचा परिणाम पुढे १७१५ मध्ये दिसतो.

मधली वर्षे आणि अब्दुस्समदखान

बहादूरशाह फेब्रुवारी १७१२ मध्ये लाहोरला वारला. त्याच्या मुलांची आणि नातवांची आपसांत लढाई जुंपली. तेवढ्या अवधीत बंदासिंगाने सढौरा आणि लोहगड परत घेतले. १७१३ मध्ये फर्रुखसियर तख्तावर आला आणि त्याने लाहोरची सुभेदारी अब्दुस्समदखानाला, जम्मूची फौजदारी त्याच्या मुलाला, झकेरियाखानाला दिली.

या दोघांनी आधी सढौरा वेढले. लोहगडावरचे शीख खाली उतरून वेढा घालणाऱ्यांवरच छापे घालत राहिले. महिनोन्‌महिने हे चालले. शेवटी सढौऱ्याचे शीख बाहेर पडून लोहगडाला मिळाले आणि ऑक्टोबर १७१३ मध्ये लोहगडही रिकामा करून सगळे डोंगरात गेले. मोगलांच्या हाती किल्ले आले, माणसे आली नाहीत. बंदासिंग पुढे जम्मूच्या बाजूला, चिनाबकाठी रियासीजवळ जाऊन राहिला.

अब्दुस्समदखानाविषयी शीख परंपरेत चांगले बोलले जात नाही, पण सेनापती म्हणून तो हुशार होता. लोहगडाची भिंत फोडण्यात अर्थ नाही, भिंतीमागचा रस्ता आधी बंद करायला हवा, हे त्याने ओळखले. १७१५चा वेढा तिथून सुरू होतो.

जागा : गुरुदास नंगल

१७१५च्या सुरुवातीला बंदासिंग डोंगरातून खाली आला आणि कलानौर व बटाला त्याने घेतले. या दोन गावांच्या दरम्यान कोट मिर्झाजान इथे त्याने मातीची गढी बांधायला काढली. ती पुरी होण्याआधीच लाहोरची फौज अंगावर आली. पहिल्या झुंजीत शिखांनी नेट धरला, पण उघड्या, अर्धवट तटाआड टिकणे शक्य नव्हते. माघार घेत ते गुरुदास नंगलला आले आणि भाई दुनीचंदाच्या हवेलीच्या आवारात शिरले. आजच्या गुरदासपूरपासून हे ठिकाण साधारण ६ किलोमीटर पश्चिमेला आहे.

म्हणजे शेवटची लढाई जिथे झाली ती जागा बंदासिंगाने निवडली नव्हती. ती वाटेत हाती आली. रावी आणि बियास यांच्यामधला हा सपाट, शेतीचा मुलूख. हवेलीला मजबूत भिंतीचे आवार होते. सुमारे १,२५० माणसे आत होती असे परंपरेने सांगतात. डोंगर उत्तरेला लांब. जंगल नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आत धान्याचा साठा नाही, कारण ती गढी मुळात वेढा सोसण्यासाठी नव्हतीच. लोहगडावर निदान तयारीला काही महिने मिळाले होते.

तरीही शिखांनी जे केले ते लष्करी दृष्टीने फार चोख होते. त्यांनी आवाराभोवती खंदक खणला. जवळून शाही नहर वाहत होता. रावीचे पाणी लाहोरकडे नेणारा, शाहजहानच्या काळातला हा कालवा. तो फोडून आणि डोंगराकडून येणारे ओहोळ वळवून त्यांनी पाणी खंदकात आणि भोवतालच्या शेतांत सोडले. चारी बाजूंना दलदल झाली.

याचा उपयोग काय, हे मोगलांच्या वेढ्याची रीत माहीत असली की कळते. त्यांची तीन मोठी हत्यारे होती. एक दमदमा, म्हणजे मातीचा उंच बुरूज रचून त्यावरून तोफा डागणे. दुसरे साबात, म्हणजे वरून झाकलेली वाट, जिच्या आडोशाने माणसे तटापर्यंत जातात. तिसरे सुरुंग. चिखलात तोफेचा गाडा रुततो, घोडा पोटापर्यंत बसतो, झाकलेली वाट पुढे सरकत नाही आणि सुरुंग खणावा तर हातभर खाली पाणी लागते. एका कालव्याच्या पाण्याने तिन्ही हत्यारे बोथट झाली. हल्ला करून गढी घेण्याचा मार्ग महिनोन्‌महिने बंद राहिला.

पण त्याच पाण्याने आतल्यांचाही रस्ता बंद केला. जिथून शत्रूचा घोडा येऊ शकत नव्हता, तिथून आपलाही घोडा जाऊ शकत नव्हता. रात्री चिखलातून शेकडो माणसे आवाज न करता नेणे अशक्य असते. ज्या थोड्या वाटा कोरड्या होत्या त्या शत्रूलाही माहीत होत्या, आणि त्याला फक्त तेवढ्यांवरच कडक पहारा ठेवायचा होता. लोहगडाच्या पाठीशी डोंगर होता, इथे चारी बाजूंना पाणी आले.

वेढ्याचे बांधकाम

फर्रुखसियरने दिल्लीहून कुमक पाठवली. तिच्यात कमरुद्दीनखान होता, तसे उदेतसिंग बुंदेला आणि गोपालसिंग भदौरिया हे राजेही होते. डोंगरी संस्थानांतून माणसे आली. लाहोरचा नायब आरिफबेगखान होता. अब्दुस्समदखानाने गढीभोवतीच्या बाजू वाटून दिल्या : एक आपल्याकडे, बाकीच्या झकेरियाखान, कमरुद्दीनखान यांच्याकडे. वाटणीचा फायदा असा, की कोणाच्या हद्दीतून शत्रू निसटला हे दुसऱ्या दिवशी सांगता येते. लोहगडावर मुनीमखानाच्या वेळी अनेक सरदार, हौशे, लुटारू आणि बाजारबुणगे एकाच बाजूला गर्दी करून होते.

पहिल्या टप्प्यात तंबू दोराला दोर भिडवून लावले. मग त्यांच्या पुढे चर खणला, मातीचा बांध घातला आणि ही सगळी रांग हळूहळू गढीकडे सरकवत नेली. या कामात बंदुकीपेक्षा फावड्याचे महत्त्व जास्त. आसपासच्या गावांतून माणसे आणली गेली. बांध जसजसा पुरा झाला तशी बाहेरून आत जाणारी वाट संपली.

आतून शीख स्वस्थ बसले नाहीत. आरिफबेगखानाच्या पदरी असलेला महंमद कासिम हा इतिहासकार स्वतः त्या वेढ्यात होता. तो लिहितो, की दिवसातून दोन-तीन वेळा चाळीस-पन्नास शीख जनावरांसाठी गवत कापायला बाहेर येत. बादशाही तुकड्या त्यांच्यावर चालून गेल्या की ते बाण, बंदुका आणि लहान तलवारींनी त्यांची दाणादाण करून नाहीसे होत. शत्रूपक्षाचा हा साक्षीदार आहे, म्हणून त्याचे वजन मोठे. छावणीतले लोक बंदासिंगाला जादूगार समजत. तो कुत्र्या-मांजराचे रूप घेऊन निसटेल या धास्तीने गढीतून बाहेर आलेले कुत्रे-मांजर दिसले की ठार मारले जाई. त्याने एकदाचे पळून जावे आणि आपली सुटका व्हावी, अशी प्रार्थना फौजेतले लोक करीत, असेही कासिमने नोंदवले आहे.

चाळीस-पन्नास माणसे आणि तेही गवतासाठी. ही नोंद नीट वाचली तर आतली अवस्था कळते. जनावरांचा चाराच आत नव्हता. घोडी गेली की छापा घालण्याची ताकद गेली, म्हणून जीव धोक्यात घालून गवत आणावे लागत होते.

शिधा : खरा शत्रू

हिशेब करून पाहू. हा हिशेब आमचा आहे, आकडे ढोबळ आहेत. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरले तर १,२५० माणसांना रोज सव्वासहा क्विंटल लागते. महिन्याला १८७ क्विंटल. आठ महिन्यांना १,५०० क्विंटल, म्हणजे बैलगाडीत दहा क्विंटल माल मावतो असे धरले तर दीडशे गाड्या. यात घोडी, बैल आणि सरपण धरलेले नाही. माघार घेत आलेल्या तुकडीकडे इतके धान्य असणे शक्यच नव्हते.

वेढा एप्रिलमध्ये पडला, हेही बघायला हवे. पंजाबात हा गव्हाच्या कापणीचा, बैसाखीचा महिना. नवे पीक खळ्यावर येते त्याच वेळी गढीची दारे बंद झाली. तो गहू बाहेर राहिला आणि बाहेर होती ती मोगलांची छावणी. दोन महिने उशिरा वेढा पडता तर कदाचित आत निदान एका हंगामाचा साठा गेला असता.

पुढे पावसाळा आला. पाण्याने वेढलेल्या सखल जागेत माणसे, जनावरे आणि घाण एकत्र. तोड्याच्या बंदुकीला जळता तोडा आणि कोरडी दारू लागते, ती ओलसर हवेत टिकवणे कठीण. बंदुका आधीच १८०, म्हणजे प्रत्येक सात माणसांमागे एक. धनुष्य पावसात जरा बरे म्हणावे तर ओलीने त्याचीही दोरी सैल पडते. शेवटी भर तलवारींवर राहिला, आणि तलवारीला शत्रू हाताच्या अंतरावर यावा लागतो. शत्रू तर येतच नव्हता, तो बांधाआड बसून वाट पाहत होता.

धान्य संपले तेव्हा छावणीतल्या लोकांकडून चोरून घेणे सुरू झाले, दोन-तीन रुपये शेर या भावाने. साध्या दिवसांत रुपयाला कित्येक शेर धान्य मिळे. गढीत शेवटी सहाशे रुपये सापडले ते आठवा. या भावाने त्या पैशांत फार तर तीनशे शेर धान्य आले असते, म्हणजे सगळ्या गढीला अर्धा दिवस. मग घोडी, गाढवे, बैल कापून खाल्ले गेले. सरपण नसल्याने मांस कच्चे खावे लागले आणि हगवण सुरू झाली. सरपणाची ही गोष्ट वेढ्यांच्या वर्णनात नेहमी एका ओळीत उरकली जाते, पण आमच्या मते गुरुदास नंगलला जितकी माणसे गोळीने गेली त्याहून जास्त या हगवणीने गेली असावीत. पुढे गवत, झाडांची पाने आणि साली, हाडांचे पीठ. जनावरे खाल्ली गेली तेव्हा बाहेर पडण्याचे साधनच खाल्ले गेले. घोड्याशिवाय पंजाबच्या मैदानातून दूरचा डोंगर गाठता येत नाही.

मतभेद

याच काळात बंदासिंग आणि बिनोदसिंग यांच्यात वाद झाला. बिनोदसिंग हा नांदेडहून सोबत आलेल्या पाच शिखांपैकी, वयाने आणि मानाने मोठा. त्याचे मत होते की वेढा फोडून बाहेर पडावे. बंदासिंग तयार नव्हता. शेवटी बिनोदसिंग आपली माणसे घेऊन बाहेर पडला.

परंपरेत या वादाला पुष्कळ धार्मिक अर्थ चिकटले, आणि पुढे तत्त्व खालसा व बंदई असे दोन गट पडले त्याचे मूळ काही जण इथे शोधतात. लष्करी बाजूने पाहिले तर बिनोदसिंगाचे म्हणणे बरोबर होते, आणि ते जितके लवकर ऐकले जाते तितके बरे झाले असते. बंदासिंगाची बाजूही समजण्यासारखी आहे. आजारी आणि जखमी माणसे मागे टाकून जायचे, ज्यांना फर्मानाप्रमाणे जिवंत सोडले जाणार नाही हे ठाऊक असताना, हे नेत्याला सोपे नसते. लोहगडावर एक गुलाबसिंग मागे राहिला होता. इथे शेकडो राहिले असते.

बाहेर मदत करणारे दुसरे दल नव्हते, हे त्याहून मोठे दुखणे. १७१३ मध्ये सढौऱ्याला लोहगडाचा आधार होता, वेढा घालणाऱ्याच्या पाठीवर रोज घाव पडत होता. १७१५ मध्ये सगळी ताकद एकाच आवारात गोळा झाली होती. १७१०च्या फर्मानानंतर पाच वर्षांत गावोगावचे शीख पांगले होते, त्यांना गोळा करून छावणीच्या रसदेवर छापे घालणारा बाहेर कोणी उरला नव्हता.

शेवट आणि दिल्ली

डिसेंबरपर्यंत उभे राहण्याची ताकद उरली नाही आणि गढी पडली. मोगल आत शिरले तेव्हा दोन-तीनशे शीख तिथेच मारले गेले. सोने गिळले असेल म्हणून त्यांची पोटे चिरली गेली. बंदासिंगाला साखळदंड घालून लोखंडी पिंजऱ्यात बसवले आणि पिंजरा हत्तीवर चढवला. बादशहाला दाखवायला कैदी आणि मुंडकी कमी वाटली म्हणून झकेरियाखानाने वाटेतल्या गावांतून आणखी शीख धरले.

फेब्रुवारी १७१६च्या अखेरीस ही मिरवणूक दिल्लीत शिरली. ईस्ट इंडिया कंपनीचे वकील जॉन सरमन आणि एडवर्ड स्टीफन्सन तेव्हा दिल्लीत होते. १० मार्चच्या पत्रात ते ७८० कैदी आणि दोन हजार मुंडकी असा आकडा देतात. कैद्यांची रोज शंभर या प्रमाणात कत्तल चालली होती. हे लोक ज्या शांतपणे मरण स्वीकारतात ते आश्चर्याचे आहे आणि आतापर्यंत एकानेही धर्म सोडल्याचे आढळले नाही, असे त्यांनी लिहिले. धर्म सोडणाऱ्याला जीवदान होते, ही गोष्ट या वाक्यामागे आहे. ९ जून १७१६ रोजी मेहरौलीला, कुतुबमिनाराजवळ, आधी बंदासिंगाच्या चार वर्षांच्या मुलाला, अजयसिंगाला, त्याच्यासमोर मारले आणि मग त्याला सांडशांनी हालहाल करून मारले.

पुढच्या पिढीने काय बदलले

अब्दुस्समदखान १७२६ मध्ये मुलतानला गेला आणि लाहोरची सुभेदारी झकेरियाखानाकडे आली. त्याने शिखांच्या मुंडक्यांवर इनामे लावली. तरी गुरुदास नंगलसारखा वेढा त्याला पुन्हा घालता आला नाही, कारण वेढा घालायला शीख एका जागी बसलेच नाहीत. लहान लहान जथे, प्रत्येकाकडे चांगली घोडी, मुक्काम पंजाबातल्याच, सतलजच्या दक्षिणेकडच्या माळव्याच्या कोरड्या भागात, लखी जंगलात, नद्यांकाठच्या बेटांत आणि शिवालिकच्या पायथ्याला. १७३४ मध्ये नवाब कपूरसिंगाने याचे बुढ्ढा दल आणि तरुणा दल असे भाग केले : वडीलधाऱ्यांकडे गुरुस्थानांची राखण आणि लंगर, तरुणांकडे लढाई.

लढण्याची रीत 'ढाई फट' म्हणून ओळखली जाते, म्हणजे अडीच घाव. अचानक पडून मारणे हा पहिला घाव. पळ काढून शत्रूला मागे ओढणे आणि त्याची रांग विस्कटली की उलटून मारणे हा दुसरा. तिथेच लढून मरणे हा उरलेला अर्धा. गुरुदास नंगलला पळ काढण्याचा दुसरा घाव हातातून गेला होता आणि हा अर्धाच उरला होता. १७४८ मध्ये पासष्ट जथे एकत्र करून दल खालसा उभा राहिला आणि त्याची सूत्रे जस्सासिंग अहलुवालियाकडे आली. १७५८ च्या वसंतात रघुनाथरावाच्या मराठी फौजा सरहिंदवर चालून गेल्या तेव्हा पंजाबातला मोगल सरदार अदीनाबेग याच्याबरोबर तिथे शीखही होते, आणि १७६४ मध्ये शिखांनी सरहिंद कायमचे घेतले.

गढीचा मोह त्यांनी पुरता सोडला असे मात्र नाही. १७४८ मध्येच अमृतसरला राम रौणी नावाची मातीची गढी बांधली गेली आणि त्याच वर्षी लाहोरचा सुभेदार मीर मन्नूच्या हुकमावरून अदीनाबेगने तिला वेढा घातला. आत सुमारे पाचशे शीख होते आणि सुमारे दोनशे मारले गेले. जागा सपाटच होती, धान्यही संपत आले होते. फरक बाहेरच्या बाजूला होता. जस्सासिंग नावाचा सुतार घराण्यातला शीख सरदार अदीनाबेगच्या फौजेत चाकरीला होता, तो आपली माणसे घेऊन वेढा ओलांडून आत गेला. लाहोर दरबारात दिवाण कौडामल शिखांच्या बाजूने बोलणारा होता. आणि अहमदशाह अब्दालीची स्वारी डोक्यावर असताना मीर मन्नूला फौज अमृतसरला गुंतवून ठेवणे परवडणारे नव्हते. वेढा उठला, गढी शाबूत राहिली, आणि त्या जस्सासिंगाच्या हाती सोपवल्यावर तिचे नाव रामगढ झाले. त्यावरून तो रामगढिया म्हणून ओळखला जाऊ लागला.